न लावलेलं डॅमरेज

घर घ्यायला एकूण किती लागले, असं कुणी विचारलं की मी रजिस्ट्री, स्टॅम्प ड्यूटी, बँकेची फी, मीटर, नळ, पडदे असं सगळं मोजून सांगते. एक खर्च मात्र आमच्या कोणत्याच फाइलमध्ये नाही, कारण तो आम्ही केलेलाच नाही. तो आमच्या घरमालकांनी केला. 2023 च्या उन्हाळ्यापासून पोळ्यापर्यंत, जुनं घर सोडता येईना आणि नवं हाती येईना अशा दिवसांत, त्यांनी आमच्यापायी नुकसान सोसलं आणि त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. त्यांचं नाव छापलेलं त्यांना आवडणार नाही. आम्ही त्यांना काकाजी म्हणतो, इथेही तेच म्हणते.

काकाजी रेल्वेत मालबाबू होते. धामणगावात हे सांगितलं की पुढचं वेगळं सांगावं लागत नाही. आमचं गावच मुंबई–नागपूर लाइनीवर वाढलेलं. धामणगाव नावाची गावं वऱ्हाडात बरीच, म्हणून आमच्या नावापुढे ‘रेल्वे’ लागलं. यवतमाळची माणसं आजही मुंबईची नाहीतर नागपूरची गाडी धरायला पंचेचाळीसेक किलोमीटर तुडवत इथे येतात. जिनिंग-प्रेसिंगमधून निघालेल्या कापसाच्या गाठी एके काळी इथूनच लादल्या जायच्या, आणि आता खरिपाच्या तोंडावर खताची रॅक लागते तेव्हा स्टेशनपासून बाजारापर्यंत ट्रकांची रांग असते. काकाजींची सारी नोकरी या लादण्या-उतरवण्याच्या हिशेबात गेली. वॅगन लागली की ठरलेल्या तासांत रिकामी झाली पाहिजे, नाही झाली तर व्यापाऱ्याला डॅमरेज. माल उतरवून धक्क्यावरच पडू दिला तर वॉर्फेज. ते माफ करायचा अधिकार वरच्या साहेबांना, बाबूला नाही. ओळखीचा व्यापारी समोर हात जोडून उभा असला तरी काकाजी घड्याळ पाहून आकडा लिहायचे, असं बाजारातले जुने लोक आजही सांगतात, आणि मानानं सांगतात.

त्यांच्या घरात आम्ही भाड्यानं राहायला आलो तेव्हा माझी मुलगी अंगणवाडीत होती. मी तालुक्यातल्याच एका खेड्यावरच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका, नवरा कृषी सेवा केंद्रात. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे न्हाणी आणि आमच्यात-त्यांच्यात सामाईक असं फरशीचं अंगण. भाडं 4,500 रुपये, दर महिन्याच्या एक तारखेला. तिकीट लावलेली पावती काकाजी आपल्या हातानं लिहीत. अक्षर असं की खाडाखोड शोधून सापडायची नाही.

आमच्याकडे तेव्हा भाड्याचा कागद म्हणजे शंभराचा स्टॅम्प आणि नोटरीचा शिक्का असायचा, बहुतेक ठिकाणी तेवढंही नसायचं. काकाजी दर अकरा महिन्यांनी आम्हाला दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात घेऊन जात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या 55 व्या कलमानं करार लेखी आणि नोंदणी केलेला असावा लागतो, आणि नोंदणी करून घ्यायची जबाबदारी मालकाची असते. ती त्यांनी एकदाही टाळली नाही. सही करण्याआधी अख्खा करार मोठ्यानं वाचायला लावत. त्यात 24 व्या कलमाचा उल्लेख आला की थांबत. मुदत संपूनही राहणाऱ्यानं जागा सोडली नाही, तर त्याच्याकडून भाड्याच्या दुप्पट दरानं नुकसानभरपाई घेता येते, असं ते कलम सांगतं. काकाजी चष्म्यावरून बघत म्हणायचे, ‘‘हे आयकलं नं, बाई? हे डॅमरेज हाय.’’ आम्ही मान डोलवायचो. शेवटचा करार 1 ऑगस्ट 2022 ला सुरू झाला. तो 30 जून 2023 ला संपणार होता.

2022 च्याच दिवाळीनंतर आम्ही घर घ्यायचं ठरवलं. गावाबाहेरच्या एका नव्या ले-आउटमध्ये सहा डुप्लेक्स उभे राहत होते. आमचा कडेचा, पूर्वेला तोंड असलेला. बांधणाऱ्यानं सांगितलं, अक्षय्य तृतीयेला चावी. म्हणजे 22 एप्रिल. मोठ्या शहरात असं काम महारेराकडे नोंदलेलं असतं आणि ताब्याची तारीख कुणालाही त्यांच्या संकेतस्थळावर पाहता येते. पण पाचशे चौरस मीटरच्या आतली जागा किंवा आठपेक्षा जास्त नसलेली घरं असतील तर नोंदणीची सक्ती नाही. आमच्यासारख्या गावांतली बहुतेक बांधकामं या आठाच्या आतच बसतात. त्यामुळे आमच्याकडे तारीख होती ती त्या माणसाच्या तोंडची.

पैशाचं गणित अवघड नव्हतं, जाचक मात्र होतं. बँक टप्प्याटप्प्यानं पैसे देते. प्लिंथ झाला की इतके, स्लॅब पडला की तितके. आणि पूर्ण हप्ता सुरू होईपर्यंत उचललेल्या रकमेवर नुसतं व्याज लागतं. त्यात रिझर्व्ह बँकेनं मे 2022 मध्ये 4 टक्के असलेला रेपो दर फेब्रुवारी 2023 पर्यंत साडेसहावर नेला होता. आमचं कर्ज बदलत्या दराचं. घरात पाय टाकायच्या आधीच व्याज चढलं. इकडे भाडं, तिकडे व्याज, मधे मुलीची शाळा. दोन्हीकडचा भार एक महिना जरी कमी झाला तरी श्वास घेता येईल, असे ते दिवस होते. म्हणून मार्चमध्येच एका संध्याकाळी आम्ही दोघं काकाजींकडे गेलो आणि विचारलं, की अक्षय्य तृतीयेला चावी मिळणार आहे, तर करारातल्या एक महिन्याच्या नोटिशीची चिठ्ठी तुम्हाला कधी देऊ?

काकू कुरोड्यांचा चीक घाटत होत्या. काकाजींनी खुर्ची ओढली.

‘‘तारीख त्यानं तोंडानं सांगतली का कागदावर देली?’’

‘‘तोंडीच.’’

‘‘मंग चिठ्ठी कायले देता? मी आज घेतली तर एक महिन्यानं हे घर तुमचं नाई. अन् तेही तुमचं नाई. मंग सामान घेऊन कुठी जाता? स्टेशनावर?’’

मग त्यांनी बोटं मोडत चार गोष्टी सांगितल्या, त्या मी तिथेच मुलीच्या वहीच्या मागल्या पानावर उतरवून घेतल्या. चावी. स्वतःच्या नावाचं वीजमीटर, बांधणाऱ्याचं टेम्पररी नव्हे. नळाला पाणी. आणि नगर परिषदेचं भोगवटा प्रमाणपत्र. ‘‘चारी हाती आले की मंग मले चिठ्ठी द्या. त्याच्या आंधी देली तर मी घेनार नाई.’’

घरमालकानं भाडेकरूला असा सल्ला द्यावा, हे मला तेव्हाही विशेष वाटलं होतं. आमच्या चिठ्ठीची तारीख जितकी लवकर पक्की होईल तितकं खरं तर त्यांच्या सोयीचं. पुण्याला असलेल्या माझ्या दिराकडून ऐकलं होतं की तिथे दोन महिन्यांची नोटीस, लॉक-इन, डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापणं, असं सगळं आधीच कागदावर बांधलेलं असतं आणि भाडेकरूनं आपलं आपण पाहायचं असतं. इथे मालकच सांगत होता की तुमच्या घराचा पत्ता लागल्याशिवाय माझ्या घरावरचा हक्क सोडू नका.

मार्च-एप्रिलात त्या वर्षी विदर्भात अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली. बाहेरचा गिलावा राहिला. मग रेती नाही म्हणून काम थांबलं, मग मिस्त्री गावी लग्नाला गेला. सगळ्यात मोठी अडचण डीपीची होती. ले-आउटला वेगळा ट्रान्सफॉर्मर बसल्याशिवाय घरोघरचे मीटर लागणार नव्हते, आणि त्याचे पैसे कोणी भरायचे यावर बांधणारा नि प्लॉटवाले यांच्यात बोलाचाली चालली होती. अक्षय्य तृतीया गेली. आम्ही घागर भरून आणि सांजोऱ्या करून सण त्याच भाड्याच्या घरी केला. पुढची तारीख मिळाली ती मे अखेरची, आणि मे संपत आला तेव्हा ‘पाऊस पडायच्या आत’ अशी.

त्याच सुमारास काकाजींकडे एक कुटुंब जागा पाहायला आलं. नवरा बँकेत, अकोल्याहून बदली होऊन आलेला. दोन मुलं, जूनच्या अखेरीला शाळा उघडायच्या आत त्यांना बिऱ्हाड हवं होतं. आमचा करार 30 जूनला संपतो, हे त्यांना कुणीतरी सांगितलेलं. जागा त्यांना आवडली. न्हाणीशेजारचा कडुनिंब आवडला. भाडं ते 6,000 द्यायला तयार होते आणि दोन महिन्यांचं डिपॉझिट त्याच दिवशी. मी शाळेला सुट्टी म्हणून घरीच होते. खिडकीतून सगळं ऐकू येत होतं, आणि पोटात गोळा आला होता. कारण कायदा पूर्णपणे काकाजींच्या बाजूनं होता. 1 जुलैपासून आम्ही त्या घरात राहिलो असतो तर ते दुप्पट भरपाई मागू शकले असते, किंवा सरळ सांगू शकले असते की घर खाली करा. त्यात त्यांचं काहीएक चुकलं नसतं.

काकाजींनी त्या माणसाला चहा पाजला, गावातल्या दोन-तीन रिकाम्या जागा सांगितल्या आणि म्हणाले, ‘‘साहेब, हे घर मोकळं नाई.’’

‘‘पण करार तर जूनलाच...’’

‘‘करार संपते. मानसं राहतेत अजून.’’

रात्री नवरा दुकानातून आला. जून म्हणजे बियाणं-खताची गर्दी, त्याला जेवायला दहा वाजत. त्याला मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही काकाजींकडे जाऊन म्हटलं, की आम्ही 6,000 देतो, तुमचं नुकसान नको. काकाजींनी उत्तर दिलं नाही. कपाटातून फाइल काढली, कोरा फुलस्केप घेतला आणि लिहू लागले. निळी शाई, ओळी आखलेल्यासारख्या सरळ. 30 जून 2023 रोजी मुदत संपत असलेल्या कराराप्रमाणेच, त्याच भाड्यानं, त्याच अटींवर, नवीन घराचा ताबा मिळेपर्यंत महिन्या-महिन्यानं वास्तव्यास संमती आहे. या काळासाठी कोणतीही जादा रक्कम किंवा भरपाई मागण्यात येणार नाही. ‘कोणतीही’ या शब्दाखाली त्यांनी पट्टी लावून रेघ ओढली. खाली सही, तारीख, आणि साक्षीदार म्हणून काकूंची सही.

असा साधा कागद कायद्याला पुरत नाही, हे त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक होतं. नोंदणी केलेला लेखी करार नसेल आणि वाद उभा राहिला, तर अटींबाबत भाडेकरूचंच म्हणणं आधी धरलं जातं, ते खोटं ठरवायचं काम मालकाचं. वर्षानुवर्षं ज्या माणसानं एकही करार नोंदणीशिवाय ठेवला नाही, त्यानं आपल्या हातानं स्वतःला अडचणीत घालणारा कागद लिहून आमच्या हाती दिला होता.

मी म्हटलं, ‘‘काकाजी, हे डॅमरेज आहे, असं तुम्हीच सांगायचे ना?’’

‘‘मालधक्क्यावर म्या कोनाले एका घंट्याचंई सोडलं नाई,’’ ते म्हणाले. ‘‘ते रेल्वेचं होतं, माह्या हातात नोतं. हे माहं हाय. याचं काय करायचं ते मी ठरवीन.’’

या बोलण्यामागचं कारण काकूंनी सांगितलं, जूनच्या शेवटी, अंगणात आम्ही दोघी सरक्या निवडत बसलो होतो तेव्हा. पाऊस यायचा होता. कौंडण्यपूरची रुक्मिणीची पालखी कधीच पंढरपूरच्या वाटेला लागली होती आणि काकू तिच्याबद्दल बोलत होत्या. बोलता-बोलता एकदम म्हणाल्या, ‘‘आमीई असेच अटकलो होतो व माय.’’

काकाजी निवृत्त झाले तेव्हा हे घर, म्हणजे ज्याच्या दोन खोल्यांत आम्ही राहत होतो ते, अर्धंच झालेलं होतं. रेल्वेत निवृत्तीनंतर चार महिने नेहमीच्या भाड्यात क्वार्टर ठेवता येतं. त्यापुढे भाडं वाढतं, आणि त्याहून मोठी अडचण अशी की क्वार्टर रिकामं करून दिल्याशिवाय ग्रॅच्युइटी हाती येत नाही. काकाजींच्या घराच्या भिंती, दारं, छत हे सगळं त्या ग्रॅच्युइटीच्या भरवशावर. घर झालं तर क्वार्टर सुटणार, क्वार्टर सुटलं तर पैसा येणार, पैसा आला तर घर होणार. तिन्ही गाठी एकमेकींत अडकलेल्या. चार महिने भरत आले तसे ते रात्ररात्र बाहेर खाटेवर बसून असत, असं काकू म्हणाल्या.

ज्या व्यापाऱ्यांना त्यांनी कधी एका तासाची सूट दिली नव्हती, त्यांच्यातल्याच एकानं ती गाठ सोडवली. त्याचं जिनिंग होतं. कापसाचा हंगाम आटोपला की जिनिंगमधल्या कामगारांच्या खोल्या पुढच्या दिवाळीपर्यंत ओस पडतात. तो स्वतः क्वार्टरवर आला आणि म्हणाला, बाबू, खोल्या मोकळ्या आहेत, सामान आणून टाका, भाडं-बिडं काही बोलू नका. काकाजी भाडं दिल्याशिवाय राहायला तयार नव्हते, तो घ्यायला तयार नव्हता. शेवटी काकाजींनी त्याच्या हिशेबाच्या वह्या लिहून द्यायच्या असं ठरलं. म्हातारी आई, दोन पोरं, सरकीच्या वासाच्या दोन खोल्या आणि वर तापलेला पत्रा. काकूंना तो वास अजून आठवतो. त्यांनी तिथे पावसाळा काढला, ग्रॅच्युइटी मिळाली, छत पडलं आणि दसऱ्याला ते आपल्या घरी आले. पुढे तो जिनवाला वारला, मुलं नागपूरला निघून गेली. फेडायचं कुणाचं, हे काकाजींना सापडलं नाही.

‘‘म्हनून तुमी काई मनात घेऊ नोका,’’ काकू म्हणाल्या आणि सूप झटकून उठल्या.

मी मात्र मनात घेतलं, ते अजून तिथंच आहे.

जुलैत डीपी बसला. महावितरणचे मीटर लागले. नळाला पाणी आलं, नगर परिषदेचं भोगवटा प्रमाणपत्र मिळालं आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात बांधणाऱ्यानं चावी घ्यायला बोलावलं. काकाजी म्हणाले, मीबी येतो. ऐंशी ओलांडलेला माणूस सायकलवर, कॅरिअरला एक रिकामी बादली बांधून आला. बांधणाऱ्याचा माणूस हसला, पण काकाजींचं काम सुरू झाल्यावर तो गप्प झाला.

सगळ्यात आधी त्यांनी वरच्या न्हाणीत बादली ओतली आणि घड्याळ पाहत उभे राहिले. पाणी जाळीकडे जायच्या ऐवजी दाराशी साचलं. उतार उलटा होता. मग खिशातून रुपयाचं नाणं काढून ते फरशीवर एक-एक टाइल ठोकत निघाले. जिथे टण्ण वाजायच्या ऐवजी भदभद आवाज आला तिथे खडूनं फुली. अशा फुल्या बैठकीत बऱ्याच निघाल्या, कारण टाइलखाली माल पोकळ बसला होता. मोबाइलचा चार्जर घेऊन प्रत्येक प्लग पाहिला, प्रत्येक खिडकी उघडून-लावून पाहिली. गच्चीवर पावसाचं पाणी एका कोपऱ्यात तुंबलेलंच होतं, ते त्यांनी बांधणाऱ्याला नुसतं बोट दाखवून दाखवलं. ‘‘चावी बाई आज घेतील,’’ ते म्हणाले, ‘‘पन बँकेचा शेवटचा चेक हे झाल्यावर.’’ कागदावर यादी केली, खाली त्या माणसाची सही घेतली. फरशी उखडून पुन्हा बसवून झाली, न्हाणीचा उतार नीट झाला, तोवर ऑगस्टचा पहिला पंधरवडा गेला. आमच्या ओळीतल्या बाकी पाच घरांतल्या लोकांनी नंतर तीच यादी नकलून घेतली.

आता नोटीस. इथे दोन पंचांगं सांभाळायची होती, एक कराराचं आणि एक काकूंचं. त्या वर्षी श्रावण अधिक होता, 18 जुलैपासून 16 ऑगस्टपर्यंत. धोंड्याच्या महिन्यात नव्या घरात कोणी जात नाही. काकू तर घट हलवायचं नावही काढू देईनात. भाड्याचा महिना एक तारखेला सुरू होतो, म्हणून काकाजींनी आम्हाला 1 ऑगस्टची चिठ्ठी द्यायला सांगितली, म्हणजे महिना 31 ला पुरा होतो. अधिक संपल्यावर निज श्रावणातले दोन आठवडे दोन्ही घरं आमच्या हाताशी राहिली. रंग, वास्तू, सामान हलवणं, सगळं त्या दोन आठवड्यांत बसलं. रेराचा कायदा, भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यापासून दोन महिन्यांत ताबा घ्या, असं घेणाऱ्याला सांगतो. म्हणजे नोंदणी झालेल्या ठिकाणी घर घेणाऱ्यालाही तेवढी सवड असते, घाईनं आधीच नोटीस देऊन मोकळं व्हायची गरज नसते. मी हे आता शाळेतल्या प्रत्येक नव्या घरवाल्याला सांगते. मला ते कलमातून नव्हे, काकाजींच्या बोटं मोडण्यातून कळलं होतं.

चिठ्ठी मी दोन प्रतींत लिहिली. काकाजींनी एकीवर ‘मिळाली’ लिहून, वेळ टाकून, सही करून परत दिली. वेळसुद्धा टाकली, सकाळचे 7.40. जन्माची सवय.

पोळ्याच्या आत आम्ही नव्या घरी होतो. 31 ऑगस्टला खोल्या झाडून, पुसून किल्ली द्यायला गेले तेव्हा काकाजींनी हिशेबाचा कागद तयार ठेवला होता. डिपॉझिट 4,500, त्यातून ऑगस्टचं लाइटबिल वजा, न्हाणीतल्या नळाच्या चावीचे 60 रुपये वजा, कारण ती आमच्याकडून तुटली होती. बाकी रोख, मोजून. मी पाकिटात जुलै-ऑगस्टचे, त्या बँकवाल्या कुटुंबाकडून मिळाले असते त्यातला फरक म्हणून 3,000 घालून नेले होते. ते पुढे केले. त्यांनी पाकीट उघडून पाहिलं, बंद केलं आणि मुलीच्या हातात दिलं. ‘‘सायकल घेजो,’’ म्हणाले.

3,000 रुपयांत मी त्यांचं नुकसान मोजत होते. खरं नुकसान पुढे होतं. आमच्या गावात बदल्या होतात उन्हाळ्यात, शाळा बदलतात उन्हाळ्यात, बिऱ्हाडं हलतात उन्हाळ्यात. जूनमध्ये आलेलं माणूस परत पाठवलं की सप्टेंबरात दुसरं मिळत नाही. आम्ही सोडल्यावर ते घर कुलूपबंदच राहिलं. महालक्ष्म्यांच्या वेळी मी काकूंना मदत करायला गेले होते. सोळा भाज्या चिरायच्या, आंबील, पुरण, फुलोरा, या घरात दरवर्षी मीच त्यांच्या हाताखाली. त्यांनी त्या वर्षी ओटीचं सामान आमच्या रिकाम्या खोलीत मांडलं होतं. दसरा गेला, दिवाळी गेली. जाता-येता मी त्या दाराकडे पाहायची. निवृत्तिवेतनात भागणाऱ्या घरात महिन्याला साडेचार हजार म्हणजे काकाजींचा दवाखाना आणि काकूंच्या गुडघ्याची औषधं. हे मला माहीत होतं, कारण ती औषधं मीच कित्येकदा आणून दिली होती. त्या बँकवाल्याला 1 जुलैला घर दिलं असतं तर सहा हजारांनी वर्ष भरलं असतं. हा हिशेब त्यांनीही केलेला असणारच. ज्यानं आयुष्यभर वॅगनींचे तास मोजले, त्याला हे मोजता येत नव्हतं असं कसं म्हणू?

पुन्हा पैसे द्यायचं धाडस मला झालं नाही, आणि ते बरंच झालं असं मी आज म्हणते. पैशानं ते मिटलं असतं तर त्यांच्या त्या फुलस्केप कागदाचा अपमान झाला असता. तो कागद मी आमच्या घराच्या रजिस्ट्रीसोबतच ठेवला आहे, त्याच प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये. मात्र भाडेकरू शोधायचं काम मी अंगावर घेतलं. शाळेत, पंचायत समितीत, नवऱ्याच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवलं. जानेवारीत एक नर्स मिळाली, नव्यानं रुजू झालेली, सोबत आई. मी त्यांना घेऊन गेले. काकाजींनी भाडं सांगितलं तेच, 4,500.

करार नोंदवून करू, असं ते म्हणाले. 24 वं कलम वाचून दाखवलं, दुप्पट भरपाईचं. मग चष्मा काढून त्या मुलीला विचारलं, ‘‘प्लॉट-बिट घेतला हाय काय कुठी? घर बांधनं चालू हाय?’’

ती म्हणाली, विचार आहे, दोन-तीन वर्षांनी.

‘‘मंग ज्या दिवशी बांधनारा तारीख सांगन, त्या दिवशी माह्याकडे येजो. चिठ्ठी देऊ नको. आंधी बोलून घेऊ.’’